वर्षावासाआधीचे आठ दिवस

आमच्या आर्याजी, विहारातल्या थोरल्या भिक्खुणी, रोज सकाळच्या वंदनेनंतर आम्हा दोघी शिकाऊ श्रामणेरींसमोर स्वतःच्या चुका सांगायच्या. "काल भाजीवालीवर उगाच चिडली मी. तिची काही गलती नोती," असं म्हणून एकदा त्या भर उन्हात तिची माफी मागायला गेल्या. ती बिचारी इतकी गांगरली की तिने पालकाच्या दोन जुड्या माझ्या हातात कोंबल्या.

उत्तर नागपुरातल्या त्या लहानशा विहारात मी बी.ए. करून, घरच्यांशी भांडून आले होते. शीलावर प्रवचनं ऐकायला मिळतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "शील पाठ करून येत नाही वं. माह्याजवळ राह्य, पाह्य, अन् मी चुकली तं मले सांग."

एक चूक मात्र त्यांना निस्तरता आली नव्हती. चीवर घेऊन भिक्खुणी होताना अंथरुणाला खिळलेली आई त्यांनी धाकट्या बहिणीवर टाकली होती. आई गेली, बहिणीने बोलणं सोडलं. भंडाऱ्याला तिच्या घरी जाऊन माफी मागायची, हे त्या दर वर्षी ठरवायच्या आणि कचरायच्या.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "फार तर दोन महिने." पावसाळ्यातला वर्षावास आठ दिवसांवर होता, तो लागला की तीन महिने त्या विहार सोडत नसत. परतताना ऑटोत त्यांनी विचारलं, "खरं सांग वं. भंडाऱ्याले आताच जाऊ, का वर्षावासानंतर?"

माझा धीर सुटला. "साधी गाठ आहे, आर्याजी. नंतर जाऊ. मीच नेईन तुम्हाला."

"बरं. तू म्हनतेस तं थांबू."

दुसऱ्या महिन्यात त्यांना उठून बसवेना, तेव्हा त्यांना सगळं कळलं असावं. त्या रागावल्या नाहीत. माझा हात धरून नुसत्या पडून राहिल्या. बहिणीला तेव्हा तरी बोलवायला हवं होतं. पण माझं खोटं उघडं पडेल, म्हणून मी फोन केला नाही.

केला तो त्या गेल्यावर. बहीण मिळेल त्या बसने आली, त्यांच्या पायाशी बसली. म्हणाली, "चार दिवस आधी सांगितलं असतं, तं मीच आली असती वं. माह्या मनात आता काही नोतं."

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठले. महिनाभरात चीवर उतरवलं. आता गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात काम करते. विहारात नव्या मुली आल्या आहेत. विहारात येणाऱ्या उपासिका निरोप पाठवतात, "आर्याजींजवळ सगळ्यात जास्त तूच राहिली. या पोरींले शिकवाले ये."

मी जात नाही.