धर्मीआत्याचं दोरवालं स्टूल

धर्मीआत्या काल गेली.
आणि आज सकाळी आमची गाडी चक्क वेळेवर आली.

आत्या असती तर म्हणाली असती, "बघ मेली! मी व्हते तवा कधी आली न्हाय."

ती माझी सख्खी आत्या नव्हे. रोह्याहून येणाऱ्या आमच्या पॅसेंजरच्या अख्ख्या लेडीज डब्याची आत्या.
पेणच्या आसपासचं आमचं एवढंसं स्टेशन. नाव सांगत नाही, त्याची आधीच काय कमी शोभा झालीय?

आत्याचा धंदा एकच. कडवे वाल.
घरी मोड आणायचे, ओल्या फडक्यात बांधायचे, पाटीत घालून पनवेलला न्यायचे आणि सोललेलं बिरडं म्हणून विकायचे.
सोलायचे कुठे? गाडीत.
कोणी? आम्ही!

बँकवाली असो, कॉलेजवाली असो, कुणाची सुटका नाही. मांडीवर मूठभर वाल येऊन पडायचेच.
"तोंड चाललंय ना? मंग हातपन चालू दे."
सासूच्या तक्रारी, मुलांचे मार्क, नव्या साड्या, सगळं त्या वालांबरोबर सोलून व्हायचं. कुणाकडे पाहुणे येणार असं कानावर गेलं की तिच्या डब्यात न मागता ओंजळभर बिरडं पडायचं.

मग गाडी बदलली.

डिझेलची जुनी पॅसेंजर गेली, विजेवरची नवी मेमू आली. आम्ही हार घातला, पेढे वाटले, सेल्फी काढले. नवे पंखे, नवे दिवे, धुराचं नाव नाही. एकदम फर्स्टक्लास!

फक्त आमचा फलाट जुनाच होता. जमिनीलगतचा.
जुन्या गाडीच्या पायऱ्या खाली लोंबायच्या. नवीची पहिली पायरी माझ्या मांडीपर्यंत.

आणि मला सातवा महिना.

गाडी थांबते एक मिनिट. मुली उड्या मारून चढल्या, बायका एकमेकींना ओढत चढल्या. मी एक पाय वर टाकला, पोटात कळ आली, पाय खाली घेतला.
गाडी गेली.
फलाटावर उरलो दोघी. डबा धरून मी आणि पाटी धरून आत्या. तिचे गुडघेही संपावर होते.

पनवेलच्या लॅबमधली माझी नोकरी अगदी नवी. हायवेच्या खड्ड्यांतून जायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. म्हणजे ही गाडी नाही तर काहीच नाही.
मला रडूच फुटलं. म्हटलं, "आत्या, सोडते नोकरी. झालं."

"एका पायरीपायी? डोलं पूस नि घरी जा. उद्याच्याला ये."

दुसऱ्या दिवशी आत्या आली ती कमरेवर पाटी आणि डोक्यावर स्टूल घेऊन.
माळ्यावर चढायचं घरचं जाडजूड लाकडी स्टूल. त्याच्या एका पायाला विहिरीचा दोर बांधलेला.
"घरात नल आलाय. दोर नुसता बसून व्हता."

गाडी आली. स्टूल पायरीखाली. आधी मी, मग पाट्या, मग बाकीच्या. शेवटी आत्या, दोराचं टोक मनगटाला गुंडाळून.
आणि मग कळशी ओढावी तसं तिनं ते स्टूल डब्यात ओढून घेतलं.
डब्यात टाळ्या!

गार्डसाहेब धावत आले. "मावशी, हे असलं फर्निचर रेल्वेत चालत नाही."
"तुमची पायरी खाली करा, मी माझा स्टूल घरी नेते."
साहेब पायरीकडे बघतात, माझ्या पोटाकडे बघतात, परत पायरीकडे बघतात. आले तसे धावत परत गेले, शिट्टी वाजवायला.

आठवडाभरात तेच लांबून ओरडायला लागले, "स्टूल आलं का आत?" आणि आम्ही "आलं!" म्हटल्यावरच शिट्टी.

रोज सकाळी माझा दंड धरून आत्या एकच वाक्य म्हणायची. "सावकाश चढ. गाडी कुटं पलत न्हाय."
गाडी पळायच्या बेतात असायची, तरीही.

नववा लागेपर्यंत मी त्या स्टुलावरून चढले. नोकरी टिकली. लेक झाली.
बारशाला आत्यानं पाटीभर बिरडं आणलं आणि सगळ्यांदेखत पाळण्यात वाकून म्हणाली, "ही बग, माजी पॅसेंजर."

मग फोटो झाले, अर्ज झाले, खेटे झाले, आणि शेवटी गेल्या वर्षी फलाट उंच झाला.
आम्ही म्हटलं, "आत्या, आता स्टूल रिटायर!"
दुसऱ्या दिवशी बाई स्टूल घेऊन हजर. नव्याकोऱ्या फलाटावर मधोमध ठेवलं आणि त्यावर बसली ऐसपैस.
"फलाट दिला, बाकडा कोन देनार?"
तेव्हापासून ते तिथेच होतं. त्याच दोरानं दिव्याच्या खांबाला बांधलेलं.

आज सकाळीही होतं.
आठ-दहा जणी उभ्या होतो. कुणीच बसलं नाही.

गाडी आली. गार्डसाहेबांनी डोकं बाहेर काढलं, रिकामं स्टूल बघितलं आणि हातानंच विचारलं, काय झालं?
मी मान हलवली.

फलाट सपाट आहे आता. तरीही चढताना माझा पाय उगाच उंच उचलला गेला.

डब्यात सगळ्यांचे हात रिकामे. या हातांचं करायचं काय, तेच पनवेलपर्यंत कुणाला सुचलं नाही.

हो, एक राहिलं. गाडी वेळेवर आली खरी, पण सुटली उशिरा.
आम्ही सगळ्या चढलो तरी साहेब दारात उभेच होते, त्या स्टुलाकडे बघत. शिट्टी तोंडात, पण वाजवेनात.
शेवटी मीच ओरडले, "आलं आत!"
तेव्हा वाजवली.

आत्या, सावकाश चढ गं. गाडी कुठे पळत नाही.
दोर आमच्या हातात आहे.