घळभरणी आणि टेकडीवरची टिटवी

सकाळी साइटवर पोचलो तर रोलर उभा आणि मजूर बोचकी बांधताहेत. शिंदखेडा तालुक्यातला पाझर तलाव, नव्वद सालच्या आसपासचा मे महिना. मी तिथला ज्युनिअर इंजिनिअर. घळभरणी अर्धी झालेली. घळभरणी म्हणजे बांध घालताना नाल्याला ठेवलेली वाट शेवटी मातीने बुजवणं. ती अर्धी असताना पूर आला तर बांध जातो. आणि बांधाखाली गाव होतं.

मुकादम नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, टिटवीनी टेकडीवर अंडा घाल्यात. यंदा पानी लवकर अन् भलतं पडी. बठ्ठा घर जातस, वावरं पडेल शेत."

म्हणजे शेतं मशागतीवाचून पडली होती, म्हणून सगळे घरी निघाले होते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा, हा इकडचा पक्का हिशेब. शिंदखेड्याला जाऊन धुळ्याला फोन लावला. डेप्युटी इंजिनिअर म्हणाले, "काम बंद पडलं, कारण टिटवी. असं वर कळवू का मी?"

मला पक्ष्यांचा नाद, त्यात स्वभाव हट्टी. परत येऊन नानांना म्हटलं, "अंडी दाखवा, मग जा."

भर उन्हात टेकडी चढलो. टिटवी अंड्यांवरून उठली. पाय पिवळे, चोचीपाशी लोंबणारी चामडी पिवळी, डोक्यावर काळी टोपी, छाती तपकिरी. मग नानांना खाली नाल्याकाठी आणलं. तिथली टिटवी रोजच्या ओळखीची: छाती काळी, डोळ्यापुढे लाल चामडी, ओरडून कान किटवणारी. तिची अंडी काठच्या गोट्यांत होती.

"नाना, या चुलत बहिणी. लाल टिटवी पाण्याजवळची. ती टेकडीवर गेली असती तर तुमचा हिशेब मानला असता. पिवळीला कोरडा माळच लागतो. दुष्काळातही ती तिथंच अंडी घालणार."

नानांनी उकिडवं बसून गोट्यांतली अंडी निरखली. "मंग घाई नही ना?"

"घाई आहे. घरी जायची नाही, घळ भरायची."

बोचकी सुटली. त्या दिवसांत मी कोणाला बसू दिलं नाही, स्वतःही बसलो नाही. घळ बुजली, रोलर फिरला, आणि पाठोपाठ पाऊस आला. वेळेआधी आणि बेफाम. तलाव भरला, सांडव्यावरून पाणी धो-धो निघालं. जीव मुठीत धरून मी बांधाकडे बघत होतो. बांध हलला नाही.

डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन नाना शेजारी उभे होते. म्हणाले, "साहेब, पिवळीले बी समजस."

पक्षी मी बरोबर ओळखला होता, पावसाचा अंदाज मात्र साफ चुकला होता. तेव्हापासून घळ भरायची तर मी आकाशाकडेही बघत नाही आणि टिटवीकडेही. आधी भरून घेतो.