काकांनी केलेलं होडीचं बारसं

माझ्या काकांना बोलवायचं कोळणीला कोणी सुचवलं, देव जाणे. खारदांड्याहून मासळी घेऊन ती रोज आमच्या सांताक्रूझच्या दारात यायची. नवऱ्याने नवी होडी बांधली, तिला सासूचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा तिने मोठ्या मानाने काकांना आमंत्रण दिलं. काका गोदीच्या कचेरीत कारकून. तांब्यातल्या पाण्यापलीकडे त्यांचा पाण्याशी संबंध नव्हता, पण कचेरीतली इंग्रजी मासिकं चाळून ते जहाजांचे पंडित झाले होते.

त्यांना सवड फक्त रविवारी. नारळी पौर्णिमेला दांड्याच्या सगळ्या होड्या समुद्रात गेल्या. हिची तेवढी काकांसाठी वाळूवर थांबली. रविवारपर्यंत उधाण उतरत आलं. होडी उचलेल अशी त्या दिवशीची भरती शेवटचीच, नाहीतर अमावास्येपर्यंत बसून राहायचं. हे तिने काकांना दोनदा सांगितलं. काकांनी मान डोलावली. त्यांना तेवढंच जमायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते. पिशवी धरायला म्हणून मला नेलं. कोळ्यांचा विधी साधा : होडीच्या टोकाला हळदकुंकू, एक नारळ, आणि नाव घेऊन सगळ्यांनी ढकलायचं. काकांना ते गावंढळ वाटलं. त्यांनी भाषण सुरू केलं. ग्रीक लोक होडीवर दारू ओतत, इंग्रज राजे चांदीच्या पेल्यातून घोट घेऊन पेला समुद्रात टाकत, पुढे पेले परवडेनात म्हणून बाटली आली. दिवस दारूबंदीचे, शँपेनचं नाव काढायचीही काकांची छाती नव्हती. म्हणून पिशवीतून निघाली सोड्याची गोटीवाली बाटली. ती जाड काच लाकडावर फुटते थोडीच! काका आपटत राहिले, घाम पुसत राहिले. कोळीण नारळ धरून पाण्याकडे बघत होती.

"सायब, पानी चाललाय," ती हळूच म्हणाली.

"थांब गं, परंपरा आहे ही!"

कोणाची, हे विचारायला कोणी धजलं नाही. पाहुण्याला अडवायचं नाही, ही त्या लोकांची रीत. मला त्या रीतीचाही संताप आला.

शेवटी बाटली फुटली. काकांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या, गळ्यातला हार सारखा केला आणि घोडागाडीत बसून चहाला घरी गेले. मी थांबले. ढकलणारे सगळे अनवाणी, आणि वाळूभर काचा. आम्ही बायकांनी ओणवून काचा वेचेपर्यंत होडीखालचं पाणी निघून गेलं होतं. मग कोळणीने नारळ फोडला. पुरुषांनी जीव खाऊन रेटलं; होडी हातभर सरकली आणि चिखलात बसली.

दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्यांच्या होडीची मासळी घेऊन दारात आली. काकांनी सरंग्याचा कल्ला उघडून पाहिला.

"ताजा आहे ना गं? आपल्या होडीचा का?"

"नाय सायब. होरी चिखलान हाय."

"तुम्हा लोकांना वेळेचं भानच नाही," काका म्हणाले, आणि सरंगा परत टोपलीत टाकला.