थिटे वकिलांची फी

थिटे वकील ऑफिसात बसून कधी फी सांगत नसत. आधी अशिलाच्या शेडवर जात, चहा मागवत आणि तो गार होईपर्यंत मशिनी बघत बसत. चिंचवड स्टेशनजवळच्या त्यांच्या ऑफिसात मी ज्युनियर म्हणून लागले तेव्हा मला वाटलं, सर धंदा समजून घेतात. ते ऐपत समजून घेत होते. "फी आपल्या कष्टाची नसते पोरी, समोरच्याच्या भीतीची असते," असं ते म्हणत, आणि म्हणताना हसतसुद्धा नसत.

छोट्या कारखानदारांना ते महिन्याच्या ठरावीक फीवर बांधून घेत. करार, नोटिसा, कामगारांच्या कटकटी, सगळं त्यात आलं. मसुदा लिहावा तर त्यांनीच. मी जे काही शिकले ते त्यांच्या हाताखाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सोळंके मूळचे बीडकडचे. चाकणला भाड्याच्या गाळ्यात त्यांच्या पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या तीन प्रेस मशिनी होत्या. वकीलसाहेब मशिनी बघून फी लावतात, हे त्यांना शेजारच्या गाळेवाल्याने सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही गेलो त्या दिवशी त्यांनी कामगारांना घरी पाठवलं, मशिनींवर ताडपत्र्या टाकल्या. "आठ महिने झाले साहेब, समदं बंदच हाय," ते म्हणाले. थिट्यांनी सहज ताडपत्रीखाली हात घातला, आणि अगदी किरकोळ फी सांगितली. सोळंक्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. परतताना गाडीत सर मला म्हणाले, मशिनीची मोटार अजून गरम होती.

पुढे गाळामालकाने दावा लावला. गाळा सहा महिन्यांहून जास्त बंद आहे, तेव्हा कायद्याप्रमाणे खाली करून द्या. थिट्यांनी मला उत्तराचा मसुदा सांगितला: मंदीमुळे काम बंद ठेवावं लागलं. मी म्हटलं, सर, काम चालू होतं, विजेची बिलं मागवूया.

"अशील आपल्याला जे सांगतो तेच आपण कोर्टाला सांगायचं," ते म्हणाले. "जसा दाम तसं काम."

इंग्रजीतल्या त्या उत्तरावर सोळंक्यांनी डोळे मिटून सही केली. कोर्टाला मंदी पटली नाही, बंद मात्र पटलं. गाळा खाली करण्याचा हुकूम झाला.

सोळंके ऑफिसात आले. "साहेब, रातपाळीसुदिक चालू व्हती माझी," ते म्हणाले. थिट्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" मला सरांची इतकी घृणा वाटली की मी नोकरी सोडायचं तिथेच ठरवलं. सोळंके मात्र हात जोडून म्हणाले, चुकलं माझं. अपिलाची फी सरांनी लगेच सांगितली, बरोबर एका मशिनीच्या किमतीएवढी.

सोळंक्यांनी मशीन विकली. अपील दाखल झालं. या वेळी विजेची सगळी बिलं थिट्यांनी स्वतः तारीखवार लावून जोडली.