मालनआक्कांनी उघड सांगितलेली गोष्ट

निपाणीच्या आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. गरोदर बायकांच्या बैठकीत डॉक्टरांचं बोलणं संपलं आणि मागे बसलेल्या, विड्या वळून पोट भरणाऱ्या एक बाई मुलीचा हात धरून उठल्या. "ही माझी रेखा. पोटात हुती तवा मी दारू पीत हुते. म्हणून ही अशी हाय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. मालनआक्कांची ती पहिली ओळख.

रेखा तेव्हा पंधरा वर्षांची होती, दिसायची दहाची. अंक लक्षात राहत नसत आणि कुणीही बोलावलं तरी ती मागोमाग जायची.

रेखाच्या जन्माआधीही दिवसभर विड्या वळून आक्कांची पाठ धरायची. नवरा बाटली आणायचा, त्यांनाही द्यायचा. अंग सैल होतं, असं सासूबाई सांगायच्या. दिवस गेल्यावरही कुणी नको म्हणालं नाही. रेखा शाळेत मागे पडू लागली तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं, आणि हे पुरतं बरं होणारं नाही हेही सांगितलं. आक्कांनी दारू सोडली. नवऱ्याने आक्कांना सोडलं.

गल्लीने त्यांना 'दारुडी' हे नाव दिलं. बाटली आणणाऱ्याला कुणी नाव ठेवलं नाही. त्याने दुसरा संसार थाटला, आणि लग्नाला सगळी गल्ली जेवून आली.

तरीही आक्का दारोदार जात राहिल्या. शेजारच्या गल्लीतली एक सून गरोदरपणात पीत होती. सासूने दार लावून घेतलं, तर आक्का पायरीवर बसून राहिल्या. शेवटी सूनच बाहेर आली. आक्का रागावल्या नाहीत. "मला कुणी सांगितलं न्हाय गं. तुला मी सांगते," एवढंच म्हणाल्या. तिला दारू सोडवण्याच्या उपचारांसाठी त्यांनीच बेळगावला नेलं. बाळ सुखरूप झालं. बारशाला मला बोलावणं होतं, आक्कांना नव्हतं. अशा बाईची सावली नको, असं सासूचं म्हणणं. मी परत आल्यावर आक्कांनी फक्त विचारलं, बाळ दूध नीट ओढतंय का.

रेखालाही त्यांनी हे स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "आता पीत न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"मग बास."

तेवढं मोठं मन गावाने दाखवलं नाही.

आज त्यांच्या साठीच्या सत्कारासाठी व्यासपीठ बांधणाऱ्यांत बारशाला त्यांना न बोलावणारी ती सासू आहे, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नात जेवलेलेही आहेत. मालनआक्कांनी शंभर वर्षं जगावं, असं सगळेच म्हणतील. आपण टाळलेलं काम त्यांनी आणखी चाळीस वर्षं करावं, असा त्याचा अर्थ होऊ नये. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो; आणि परक्यांसमोर उभं राहून स्वतःची लाज सांगण्याची वेळ त्यात एकदाही न येवो.