पेनड्राइव्हवरचे बाण

बाबांनी आयुष्यभर एका कंपनीच्या रेकॉर्ड विभागात फायली लावल्या. निवृत्तीनंतर लालबागच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला, तर त्याचंही त्यांनी कपाट करून टाकलं. ते मालवणी शब्द जमवायचे. आईकडून, शेजारणींकडून, गावाहून आलेल्या कुणाहीकडून. आणि ठेवायचे कुठे? 'वैयक्तिक'मध्ये 'लेखन', त्यात 'मालवणी', त्यात 'टंकलिखित', त्यात 'तपासलेले', त्यात 'अंतिम', आणि त्यात प्रत्येक अक्षराचं वेगळं फोल्डर.

मी ऑफिसात मीटिंगला बसले की फोन यायचाच.

"'प' खंय गेलो गो?"

"'अंतिम'मध्ये बघा, बाबा."

"थंय नाय."

नसणारच. त्यांचं बोट थरथरतं. दोनदा क्लिक करायला जायचे आणि फोल्डर ओढून भलत्याच फोल्डरात टाकायचे. संध्याकाळी येऊन शोधायचं मी. एकदा 'म' गॅसच्या पावत्यांत सापडला. सगळं एकाच ठिकाणी ठेवूया म्हटलं, तर म्हणाले, "शिस्त असलेली बरी."

शेवटी एका रविवारी वैतागून मी प्रत्येक अक्षराचा शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा बाण असलेला, काढून डेस्कटॉपवर ठेवला, खाली नाव घातलं, आणि म्हटलं, "हा तुमचा 'प'. आता आत शिरायचं नाही." फोन थांबले. सुटले असं वाटलं.

मग शब्दांची पुस्तिका छापायचं ठरलं. मला न विचारता बाबांनी डेस्कटॉपवरची सगळी अक्षरं पेनड्राइव्हवर घेतली आणि दादरच्या छपाईवाल्याकडे गेले. त्याने पेनड्राइव्ह लावला, एकेक अक्षर उघडून पाहिलं आणि म्हणाला, "काका, यात काहीच नाहीये. नुसते बाण आहेत."

दुपारी आईचा फोन आला. "हे दादरहून चालत आलेत. जेवत नाहीत, बोलत नाहीत. तू ये बाई."

अर्धी रजा टाकून गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून कॉटवर बसले होते.

"सगळा गेला गो चेडवा," ते म्हणाले.

काय झालं ते कळल्यावर माझा आवाज चढला. "अहो, शॉर्टकट नेलात तुम्ही! तो फक्त फोल्डरकडे नेतो, त्याच्यात काही नसतं. मला एक फोन करायला काय झालं होतं? आधी दिवसाला चार करायचात."

"तूच सांगलंस, ह्यो 'प' म्हणान. मी काय समजाचा?"

सांगितलं होतं मीच.

"निदान घरी येऊन कॉम्प्युटर तरी उघडायचा."

"धीर झालो नाय," ते म्हणाले. दादरहून आल्यापासून तो माणूस बंद कॉम्प्युटरकडे पाठ करून बसून होता.

मी कॉम्प्युटर चालू करून 'अ'पासून 'ह'पर्यंत सगळं उघडून दाखवलं. 'ख' आला तेव्हा ते उठून जवळ आले. 'भ'पर्यंत आईने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी खरी फोल्डरं घेऊन मी त्यांच्यासोबत दादरला गेले. ऑफिसात परत रजा, परत साहेबांचा चेहरा.

पुस्तिका गणपतीच्या आधी हातात आली. तिच्यात तीन चुका निघाल्या. बाबांनी प्रत्येक प्रत उघडून त्या काळ्या पेनाने दुरुस्त केल्या, थरथरत्या अक्षरात, आठवडाभर. मी मदतीला बसले, तर म्हणाले, "तू नको. तुझं अक्षर वाचवत नाही."