एवढं पान होऊ दे

दादा गेला त्याच महिन्यात अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या दारात पोस्टमननं ते पुडकं आणून ठेवलं. नेहमीसारखंच होतं, खाकी कागदातलं, सुतळीनं बांधलेलं, वर दादाचं टोपणनाव आणि आमचा पत्ता. पोस्टमनला सगळं ठाऊक होतं. एरवी तो लांबूनच घंटी वाजवून हाक मारायचा. त्या दिवशी सायकलवरून उतरला, पुडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि मान खाली घालून गेला.

मला त्या पुडक्याचा आधीपासूनच राग होता. ते आलं की दादा घरात असून नसल्यासारखा. आई ताट वाढून हाक मारायची, तो आतल्या खोलीतून ओरडायचा, "आलो, एवढं पान होऊ दे!" पान व्हायचं, दुसरं सुरू व्हायचं, भाकर वाळून जायची. आई करवादायची, पण पुन्हा तवा ठेवायची. टायफॉइडनं तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यातही अंथरुणावर पालथा पडून पुढच्या प्रकरणाची टिपणं लिहीतच होता.

पुडकं म्हणजे काय ते सांगते. एका मासिकाच्या वाचकांच्या पत्रांतून पाच-सहा माणसं एकमेकांना सापडली होती, कोणी अमरावतीचं, बरीचशी अकोल्याची. सगळ्यांना एकच वेड. भुतं, परग्रहावरची माणसं, काळात मागं नेणारी यंत्रं. छापलेलं वाचून पोट भरेना म्हणून त्यांनी आपलीच एक कथा सुरू केली. एकानं प्रकरण लिहून पुढच्याला धाडायचं, त्यानं वाचून समासात शेरे मारायचे, आपलं प्रकरण जोडायचं आणि पुडकं पुढं. माझा नातू आता फोनवर असलाच कंपू बाळगून आहे. त्यातल्या एकालाही तो भेटलेला नाही आणि त्यांच्यापायी तोही जेवायचा थांबतो. त्याची आई चिडते. मी चिडत नाही, मी त्याचं ताट झाकून ठेवते.

त्यांचे नियम कडक होते. खरं नाव लिहायचं नाही, ज्यानं त्यानं एक तारा निवडायचा. दादा झाला व्याध. मंडळ ज्यानं सुरू केलं तो अकोल्याचा ध्रुव. आणखी एक रोहिणी होती, तिचं अक्षर मोत्यांसारखं. दादाला हा नियम फार आवडायचा. आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो त्याला फार दिवस झाले नव्हते आणि कॉलेजात लोक अजून आडनाव ऐकून मगच हात पुढं करायचे. "इथं आडनावच नाही. काय लिहितोस तेवढं पाहतात," तो म्हणायचा.

दुसरा नियम असा, की समासातले शेरे सोडले तर पुडक्यात कथेबाहेरचं एक अक्षर लिहायचं नाही. कसे आहात, काय चाललंय, काही नाही. पुडक्यात जे येईल ते कथेतलं.

त्या नियमानंच पुढचं सगळं केलं.

मी पुडकं उघडलं. कथेत एक यान मंगळापलीकडं अडकून पडलं होतं. रशियानं आकाशात नवा चंद्र सोडला तेव्हापासून ह्यांची सगळी यानं अशीच कुठंतरी अडकायची. त्यातली माणसंही ताऱ्यांच्याच नावांची आणि सुकाणूवर व्याध. प्रकरण दादानं लिहायचं होतं. मी कोऱ्या पानावर लिहिलं : "व्याध वारला. मी त्याची बहीण. तो टायफॉइडने गेला. यापुढे इथे पुडकं पाठवू नये." आणि बांधून पाठवून दिलं.

दीड-दोन महिन्यांनी ते फिरून परत आलं. माझ्या त्या चार ओळींभोवती समासात जागा उरली नव्हती. "कडक!" "व्याधानं कमाल केली, स्वतःलाच मारलं!" "बहिणीचा आवाज हुबेहूब साधलाय, अक्षरसुद्धा बदललंय." रोहिणीनं मोत्यासारख्या अक्षरात सुचवलं होतं की आजाराची भानगड जरा गूढ ठेवायला हवी होती.

मी पुडकं भिंतीवर फेकलं. इतका संताप मला आयुष्यात फार वेळा आला नाही. माझा भाऊ मेला आणि ही माणसं मला शैलीचे मार्क देत होती. चूल पेटलेलीच होती, घालणार होते त्यात. पण सुटलेल्या पानांत ध्रुवाचं प्रकरण वर आलं आणि नजर गेली. सुकाणू रिकामं आहे, यानातले सगळे गप्प आहेत, एवढ्यात बिनतारी यंत्र खरखरतं. यंत्रातून व्याधाचा आवाज येतो : "आलो, एवढं होऊ दे."

दादानं आपलं घरातलं बोलणं त्या व्याधाच्या तोंडी घातलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी खाली बसले. मागून आईनं विचारलं, "काय लेहलं हाये?"

आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ते वाक्य आलं आणि आई उठली, चुलीकडं गेली, तवा ठेवला. मग तशीच उभी राहिली, हात तव्यावर धरून. तवा तापला तेव्हा तिनं तो उतरवला.

त्यानंतर मी पुडकं थांबवलं नाही. दादाच्या जागी मीच लिहू लागले. खरं सांगायचं तर मला आनंद व्हायचा. राजापेठेत दादा मेलेला होता, कॉलेजात मेलेला होता, बाबा तर त्याचं नावही काढत नव्हते. एका त्या पुडक्यात तो चालता-बोलता होता. लोक त्याला प्रश्न विचारत होते, त्याच्यावर रागावत होते. यंत्रातून तो त्यांना वाट सांगत होता. ध्रुवाला तर तो फार नेमका कळला होता. दादा चिडला की आधी हसायचा. हे ध्रुवाला कोणी सांगितलं असेल?

बाबा ऑफिसला गेले की दुपारी आई हातातलं काम टाकून बसायची. "काय म्हनून रायला तो?" ती विचारायची. एकदा मी घाबरून म्हटलं, "आई, हे खोटं आहे. कथा आहे." ती माझ्यावरच डाफरली. "मले नाही कळत काय? मीच त्याले निजवला शेवटचा. पन हे लोक त्याले पाहून रायले न. तू वाच."

एका प्रकरणात मी लिहिलं की यानाच्या अंधारात कुठून तरी पिपरमेंटचा वास येतो आणि यंत्रातला व्याध रडू लागतो. का लिहिलं ते सांगता येणार नाही, लिहिता लिहिता हाताशी आलं. आईला वाचून दाखवलं तर तिचा चेहरा उतरला.

"तुले हे कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. सुचलं."

"तुह्या आंधी एक पोरगी होती मले. चार दिसाची गेली. सारे रडत होते तं कोनंतरी त्याच्या हाती पिपरमेंट देलं, गप बस म्हनून. मंग तो कधीच पिपरमेंट खात नव्हता."

मला ती बहीण होती हेच माहीत नव्हतं. त्यानंतर लिहायला बसले की मी पाठ भिंतीला टेकवून बसायची. टाकाची कुरकुर माझ्याच हाताची, हे कळत असूनही मधेच हात थांबवून ऐकायची. माझं अक्षर उजवीकडं झुकू लागलं होतं. दादाचं तसं होतं.

भाद्रपद आला. शेजारीपाजारी लोक आपल्या मेलेल्यांना घास टाकत होते. आईनंही एका सकाळी भाकर आणि वांग्याची भाजी पानावर घेतली आणि मागच्या दारी ठेवायला निघाली. बाबांनी पाहिलं. त्यांनी पान तिच्या हातून काढून घेतलं. ओढून नाही, हळूच घेतलं.

"आपन नागपुरात शपथ घेतली हाये," ते म्हणाले. "मेलेल्याले भाकर लागत नाही. ह्याच्यापाईच पिढ्या लुबाडल्या आपल्या."

त्यांचं खरं होतं. आईलाही ते मान्य होतं, शपथ तिनंही घेतली होती. बाबा ते पान घेऊन आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

थंडीत ध्रुवाचं प्रकरण आलं. त्यात होतं की पौर्णिमेनंतरच्या रविवारी सगळे तारे अकोल्यात उतरतील आणि तिथं यानाची कथा संपेल. खाली पत्ता. वर्षाची कथा वर्षात संपवायची, हाही त्यांचा नियमच होता. फक्त ह्या वेळी शेवट सगळे एकत्र बसून लिहिणार होते.

शेवट म्हणजे काय हे मला कळत होतं. यान सुटणार किंवा फुटणार, यंत्र बंद पडणार आणि व्याध गप्प होणार. कायमचा. मी ठरवलं, अकोल्याला जायचं आणि पाया पडून सांगायचं की संपवू नका. जन्मभर लिहीन मी. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मीबी येतो."

बाबांना तिनंच सांगितलं, "पोराच्या दोस्ताइकडं जाऊन रायलो." मला वाटलं आता वाजणार. बाबांनी फक्त चष्मा पुसला. रविवारी स्टेशनवर सोडायला आले आणि बडनेऱ्याला गाडी बदलायची हे दोनदा बजावून सांगितलं.

अकोल्यातलं ते घर साधंच होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकलेली, तीन पुरुष बसलेले. खिडकीशी खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई, पायांवर शाल. त्या म्हणाल्या, "मी ध्रुव. मला उठता येत नाही, राग मानू नका." पाय गेल्यापासून त्या त्याच खुर्चीत होत्या. जाड मिशांचे एक गृहस्थ उठून लाजत म्हणाले, "मी रोहिणी." एरवी मला हसू आवरलं नसतं. सगळे आमच्या मागं दाराकडं पाहत होते.

"आणि व्याध?"

"व्याध वारला," मी म्हटलं. "पहिल्यांदाच लिहिलं होतं मी. मी त्याची बहीण."

रोहिणीनं टाळी वाजवली. "वा! पाहा, इथपर्यंत आनली गोष्ट! बहीणबी धाडली!"

मग त्यांची नजर आईवर गेली. आई सतरंजीच्या कडेला बसली होती, कोणाकडं न पाहता. त्यांचे हात टाळीच्या जागीच राहिले. ते मटकन बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. "माय वो," एवढंच म्हणाले.

ध्रुवबाईंनी विचारलं, "कधी?" आईनं सांगितलं. बाई मनातल्या मनात मागं मोजत गेल्या असाव्यात. "म्हणजे मी वर्षभर..." त्यांनी वाक्य सोडलं आणि माझ्याकडं पाहिलं, जणू मला हात लावून खात्री करावी की मी तरी आहे. त्यांच्या घरातल्या मुलीनं सगळ्यांना पाणी दिलं. आम्हालाही त्याच पेल्यांतून दिलं. आईनं पेला हातात धरून पाहिला आणि मग पाणी प्याली.

"संपवू नका," मी म्हटलं. "तुम्ही संपवलंत की तो कुठंच उरत नाही. मी लिहीन त्याचं, जन्मभर लिहीन. पण संपवू नका."

मग रोहिणी म्हणाले, "नाही संपवत, बाई. चालू ठेवू." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला हवं ते मिळालं होतं.

तेव्हा आई बोलली. "मी एक इचारू काय?"

"विचारा न."

"तुमी सारं चांगलं लेहलं. पोरीनं मले सारं वाचून दाखोलं. तो बोलते, हासते, वाट दाखोते. पन साल झालं त्याले तिकडं, एका बुकातबी तो जेवला नाही. कोनंच त्याले भाकर देल्ली नाही. काहून?"

एवढी हुशार माणसं, सगळ्या ग्रहांच्या वाटा पाठ असलेली. एकालाही ते सुचलं नव्हतं. मलाही नाही. मीच तर त्याला सगळ्यात जास्त लिहिलं होतं.

ध्रुवबाईंनी टाक उचलला. "तुम्ही सांगा. मी लिहिते."

आईनं सांगितलं. गरम ज्वारीची भाकर, वर तेलाची धार. वांग्याची भाजी, त्याला तिखट आवडायची. कांदा मुठीनं फोडून. बाई लिहीत होत्या, मी दौत धरली होती. ताट वाढून झालं, हाक मारून झाली आणि बाईंनी सवयीनं लिहायला घेतलं, "आलो, एवढं..."

"नाही," आई म्हणाली. "आता नाही म्हनत तो तसं. आता उठते."

बाईंनी ते शब्द खोडले. उठला, असं लिहिलं. हात धुतले. पोटभर जेवला. ताटात काही टाकलं नाही. आणि मग निजला. "बस," आई म्हणाली. "याच्यापुढं नका लिहू." मी तिला अडवलं नाही. रोहिणी उठून बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले होते.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. अमरावतीला फलाटावर बाबा उभे होते, घ्यायला येईन असं काही म्हणाले नव्हते. त्यांनी आईच्या हातातली पिशवी घेतली. "झालं?"

"झालं," आई म्हणाली. "जेवला."

मी बाबांकडं पाहत राहिले. ते पिशवी घेऊन दोन पावलं पुढं गेले, थांबले आणि मागं न पाहता त्यांनी विचारलं, "काय खाल्लं त्यानं?"